शिवणीतली माया

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आबांनी कपाटातून एक कोट काढला आणि म्हणाले, "घालून बघ जरा." एकेकाळी निळा असलेला, आता राखाडीकडे झुकलेला सर्जचा कोट. तीन बटनं, रुंद कॉलर, खिशांना झाकणं आणि डांबराच्या गोळ्यांचा वास. मी मोबाइलमधून मान वर काढली आणि म्हणालो, "आता असले कोट कोण घालतंय, आबा?" आबा हसले. "बरं ऱ्हायलं," म्हणाले आणि कोट परत हँगरला अडकवला. त्या कपाटाचं दार नीट लागत नाही, खालून पायानं रेटावं लागतं. ते त्यांनी रेटलं आणि शेताकडे गेले.

जानेवारीत आबा गेले. हाउसमास्तर सरांनी संध्याकाळी बोलावून सांगितलं, तासाभरात रजेचा कागद दिला आणि स्वतः स्टेशनवर सोडायला आले. पण राणी चन्नम्मा एक्सप्रेस रात्री सुटते, बेळगावला पोचायला सकाळ होते आणि तिथून पुढं आमचं गाव गडहिंग्लज तालुक्यात. मी पोचलो तेव्हा सगळं आवरलं होतं. रक्षाविसर्जनाला तेवढा मी होतो. आबा मराठा लाइट इन्फंट्रीतले. गावातले सात-आठ पेन्शनर मेडल लावून आले होते. त्यांच्या रांगेत मी शाळेच्या ब्लेझरमध्ये उभा होतो आणि माझ्या डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, माझंच.

परत निघताना मला आबांची जर्सी हवी होती. त्यांच्या काळ्या ट्रंकेत ती ओ. जी. शर्टांच्या खाली घडी करून ठेवलेली आहे. बाबा म्हणाले, "वर्दी ज्याची त्याची. ती तू मागायची नाहीस, मिळवायची. कोट ने हवा तर." बाबाही फौजेत आहेत, त्यामुळे या विषयावर वाद नसतो. मी कोट बॅगेत भरला. आज्जी दारात उभी होती, बघत होती. काही बोलली नाही.

डॉर्ममध्ये मात्र कोटाचं फारच स्वागत झालं. माझा बेडमेट रेवाडीचा. त्यानं कोट उलटसुलट करून बघितला आणि जाहीर केलं, "भाई, ये तो व्हिंटेज है!" घरी ज्याला जुनेर म्हणतात त्याला बंगळूरमध्ये व्हिंटेज म्हणतात आणि त्याचे जास्त पैसे पडतात, हे मला तेव्हा कळलं. आमच्या वर्गातल्या काही जणांना हा नाद आहे. आउट-पासच्या रविवारी ते सिल्व्हर ज्युबिली पार्क रोडच्या बाजूला भरणाऱ्या जुन्या बाजारात जातात. तिथं घड्याळांपासून पंप्सपर्यंत सगळं मिळतं. गेल्या वर्षी एका सिनियरनं तिथून फौजी नक्षीचं जॅकेट आणलं आणि गेटवर उस्तादांनी ते जागच्या जागी काढायला लावलं. उस्ताद एरवी चार शब्दांच्या पुढं जात नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी आम्हाला फॉल-इन करून पंधरा मिनिटं समजावलं. आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं म्हणून सैनिकाचा पोशाख घालणं हा कायद्यानं गुन्हा आहे. २०२२ च्या सेनादिनी जो नवा कॉम्बॅट पोशाख पहिल्यांदा दिसला, त्याच्या नक्षीचा हक्कही लष्करानं नोंदवून घेतला आहे. "फॅशन करनी है तो दादाजी का कोट पहनो," असं ते शेवटी म्हणाले होते. आता माझ्याकडे खरंच दादाजींचा कोट होता.

पण तो होईना. आबा शेलाट्या अंगाचे होते. माझे खांदे पोहण्यानं आणि पी.टी.नं रुंद झालेत, हातही त्यांच्यापेक्षा लांब. बाह्या मनगटाच्या वर राहायच्या आणि बटन लावलं की पाठीत कापड ताणायचं. आतल्या खिशावर शिंप्याचं लेबल होतं. नाव झिजून गेलेलं, फक्त "बंगळूर कँट" एवढं वाचता येत होतं. १९७६ साली आबा एका कोर्ससाठी बंगळूरला आले होते तेव्हा त्यांनी हा कोट शिवून घेतला आणि शिलाई हप्त्यानं फेडली, एवढं घरात सगळ्यांना माहीत आहे. फेब्रुवारीतल्या एका रविवारी मी कमर्शियल स्ट्रीट पालथा घातला. काही हाती लागलं नाही.

शेवटी आमचे युनिफॉर्म अल्टर करणाऱ्या टेलरकाकांनी सांगितलं की हा कोट त्यांच्या मशिनीचा नव्हे. "चिकपेठेत एक म्हातारे मास्तर आहेत. तुमच्याच भाषेतले. त्यांना दाखव."

२३ मार्चच्या रविवारी आम्ही दोघं निघालो. बेडमेट डोशाच्या आशेनं आला होता, तसं त्यानं लपवलंही नाही. बंगळूरचा मार्च पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की कुणीतरी रात्रीतून झाडं रंगवून ठेवली. पानं गळालेल्या फांद्यांवर पिवळी टॅबेबुइया नुसतीच फुलांनी भरलेली असते, ती ओसरते तोवर निळसर जांभळा जॅकरांडा, म्हणजे आपला नीलमोहर, सुरू होतो आणि त्याच्या मागोमाग गुलमोहर. बायोलॉजीच्या सरांनी सांगितलेलं आठवलं की या शहरातली फुलझाडं अशी एकामागून एक फुलावीत, हा विचार गुस्ताव क्रुम्बिगेल नावाच्या जर्मन माळ्याचा. त्यांना १८९३ मध्ये भारतात आणलं ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी. १९०८ मध्ये ते म्हैसूर संस्थानात आले आणि लालबागचे होऊन गेले. सयाजीरावांनी आपल्या माणसाला सोडलं नसतं तर हे सगळं बडोद्यात फुललं असतं, असं मी म्हणालो. बेडमेट म्हणाला, डोसा कुठं मिळेल ते बोल.

चिकपेठ मेट्रो स्टेशनातून वर आलं की केंपेगौडांनी १५३७ साली वसवलेली जुनी पेठ लागते. गल्ल्या इतक्या अरुंद की दोन हातगाड्या समोरासमोर आल्या तर त्यांच्यात तह करावा लागतो. मास्तरांचं दुकान एका जिन्याखाली. पायमशीन, भिंतीला टेकवलेली कापडाची ठाणं, चष्म्याच्या काडीला दोरा. वय सत्तरीच्या पुढचं. मी कन्नडमध्ये सुरुवात केली, तेव्हा त्यांनी माझ्या उच्चारांकडे एकदा दयेनं पाहिलं आणि मराठीत विचारलं, "गाव कुठलं?"

"गडहिंग्लज. कोल्हापूर जिल्हा."

"आम्ही भावसार. रंगारी. आमचे पण तिकडूनच आले म्हणतात. कधी आले ते कुणाला ठाऊक." आजोबा कापड रंगवत, वडील शिवायला लागले. घरात मराठी, दुकानात कन्नड आणि रागावले की तमिळ, असं त्यांचं आहे. त्यांच्या मराठीला कन्नडचा हेल आहे, प्रत्येक वाक्य शेवटी थोडं वर जातं. भिंतीवर शहाजीराजांचं चित्र होतं. मी बघतोय असं दिसल्यावर म्हणाले, "ही पेठ त्यांच्या जहागिरीत होती. शाळेत शिकवलं नाही?" शिकवलं होतं, पण ते पुस्तकातलं बंगळूर आणि हे माझ्या आउट-पासचं बंगळूर एकच आहे, हे डोक्यात आलं नव्हतं. मल्लेश्वरममधल्या काडु मल्लेश्वराच्या देवळाला व्यंकोजीराजांनी एक गाव दिल्याचा १६६९ चा शिलालेख आहे, तो जाऊन बघ, असंही त्यांनी सांगितलं. अजून जायचा आहे.

मग त्यांनी कोट हातात घेतला. आधी वास घेतला, मग आतून बाहेर केला आणि छातीवरचं कापड दोन बोटांच्या चिमटीत धरून माझा हात तिथं नेला. "दोन थरांच्या मधे तिसरा लागतो? तो कॅनव्हास. हातानं टाचलाय. आता गोंदानं चिकटवतात, ड्रायक्लीन केलं की फुगे येतात." बेडमेटनंही चिमूट घेऊन पाहिली आणि मग आपल्या जॅकेटची घेऊन पाहिली. त्यात तिसरा थर नव्हता. तो जरा गप्प झाला.

मास्तरांनी बाहीच्या टोकाचं अस्तर ब्लेडनं चार बोटं उसवलं, आत डोकावले आणि म्हणाले, "माया आहे."

हा शब्द मला तेवढ्यापुरता माहीत होता. आई ब्लाउज शिवायला टाकताना "माया जरा जास्त ठेवा" असं सांगते. शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात ती माया. पुढं अंग भरलं तर शिवण उसवून तेवढं वाढवता येतं. मास्तरांनी पट्टी लावली. बाहीत दीड इंच. पाठीच्या शिवणीत दोन्हीकडून अंगठाभर.

"ज्यानं शिवला त्याला अक्कल होती," ते म्हणाले. "फौजेतलं पोरगं, वय वीस-बावीस. लग्न झालं की अंग भरणार. नाही भरलं तर त्याचा पोरगा घालणार. म्हणून एवढी ठेवली." मग शिवणीवरून बोट फिरवत, "तुझे आजोबा काही जाड झाले नाहीत पण. ही शिवण एकदाही उसवलेली नाही."

मी म्हणालो, नाही झाले.

"कुठं असतात?"

मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि माप घ्यायला लागले. खांद्याला हात लावणार नाही, हे त्यांनी आधीच बजावलं. खांदा उचकटला की कोट गेला. "स्वल्प अ‍ॅडजस्ट तू कर. श्वास आत घे." आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली. बाहेरच्या कापडानं जवळपास पन्नास वर्षं ऊन आणि हवा खाल्लेली, आतल्यानं काहीच खाल्लेलं नाही. माया बाहेर काढली की प्रत्येक बाहीच्या टोकाला दीड इंचाचा गडद पट्टा दिसणार. वरून काळी फीत लावून झाकता येईल. बेडमेट म्हणाला की झाकू नको, रँक लावल्यासारखं दिसेल. मी नको म्हणालो ते त्याच्या सल्ल्यामुळे नव्हे, पण नेमकं का ते तेव्हा सांगता आलं नसतं.

शेवटी डांबराच्या गोळ्यांवरून बोलणी खाल्ली. "आत्ता चैत्र येतोय, कडुलिंबाला नवा पाला आहे. सावलीत वाळव आणि कपड्यांत ठेव. सर्ज धुवायचा नाही, नुसता ब्रश मारायचा. पुढच्या रविवारी ये. उगादी आहे, दुकान बंद, पण घर मागंच आहे. हाक मार."

डोसा खाल्ला. तो चांगला होता, त्याबद्दल बेडमेटनं हिंदी विभागात वेगळा लेख द्यावा.

२०२५ चा पाडवा ३० मार्चला, नेमका रविवारी आला. घरात माणूस गेलं की पहिलं वर्ष आमच्याकडे सण करत नाहीत. गुढी नाही, पोळी नाही. म्हणून आई म्हणाली, घरात बसून काय करायचं, पोराला भेटून येऊ. ती आणि आज्जी चन्नम्मानं रात्रभर प्रवास करून आल्या. आज्जी बंगळूरला पहिल्यांदाच येत होती. ती इलकलचं जुनं लुगडं नेसली होती, डाळिंबी रंगाचं, तिच्या आईचं. गेटवर उस्तादांनी तिला वाकून नमस्कार केला आणि माझा पास नेहमीपेक्षा लवकर सही झाला.

मी दोघींना आधी चिकपेठेत नेलं. रस्त्यात सगळीकडे आंब्याची पानं, झेंडूच्या माळा, कडुलिंबाच्या डहाळ्यांच्या जुड्या. मेट्रोत ईदच्या खरेदीला निघालेली कुटुंबं, कारण दुसऱ्या दिवशी ईद होती. आज्जीचा एक हात आईच्या हातात आणि दुसरा पिशवीवर. मास्तरांच्या घराच्या दाराला तोरण होतं. आम्ही हाक मारली तर मास्तरीणबाई ताट घेऊनच बाहेर आल्या. एका वाटीत बेवु-बेल्ला, म्हणजे कडुलिंबाची फुलं आणि गूळ. आपल्याकडे त्यात हरभऱ्याची डाळ, ओवा, हिंग घालून चटणी करतात, इथं नुसतंच देतात. शेजारी ओब्बट्टु. दिसायला पुरणपोळीच, पण त्यातला तुरीच्या डाळीचा प्रकार पातळ आणि तेलाचा हात लावून केलेला. आणि कच्च्या कैरीचा पिवळाजर्द चित्रान्न.

आज्जी मागं सरली. "आमचं वर्ष व्हायचंय, बाई. सण नाही आमचा."

"आमच्यात पण हेच," त्या म्हणाल्या. "घरात करायचं नाही. पण शेजारणीनं दिलं तर घ्यायचं. घरात शिजत नाही म्हणून तर शेजारणीनं द्यायचं असतं."

आज्जीनं तळहात पुढं केला. बेवु-बेल्ला तोंडात टाकून बराच वेळ चावत राहिली. "कडू जास्त आहे," म्हणाली. मग पोळीही घेतली आणि तुरीच्या डाळीचं पुरण कधी ऐकलं नव्हतं म्हणत ती कशी करतात ते विचारायला लागली. पुढची वीस मिनिटं त्या दोघी एकीच्या मराठीत आणि दुसरीच्या मराठीत बोलत होत्या. कटाची आमटी आणि ओब्बट्टु सारू एकच की वेगळं, यावर एकमत झालं नाही.

मी कोट घातला. पाठ बसली. बाह्या मनगटाला आल्या. टोकाला दोन गडद निळे पट्टे. मास्तरांनी मागून कॉलर सरळ केली आणि पैसे मोजून घेतले. सणाचे म्हणून कमी केले नाहीत, ते मला बरं वाटलं.

तिथून लालबागेत गेलो. आता कबूल करायला हवं की बंगळूरमध्ये मार्चअखेरीस दुपारी सर्जचा कोट घालून हिंडणं हा शुद्ध वेडेपणा आहे. आबा सांगायचे की त्यांच्या वेळी इथल्या घरांना पंखेही नसत आणि चैत्रातसुद्धा संध्याकाळी कोट लागे. मला पाच मिनिटांत घाम फुटला. आई म्हणाली, काढ. मी काढला नाही. गेटजवळ आम्ही तोतापुरी कैरीच्या फोडी घेतल्या, उभ्या चिरून तिखट-मीठ लावलेल्या. आज्जीला दात नाहीत, तिनं नुसतं तिखट-मीठ चोखलं. हैदर अलीनं १७६० साली ही बाग लावायला घेतली, १८८९ मध्ये काचघराची कोनशिला बसली, हे मी माहिती दिल्यासारखं सांगत होतो. आज्जी ऐकत नव्हती. ती टॅबेबुइयाखाली पडलेली पिवळी फुलं लुगड्याच्या ओच्यात गोळा करत होती आणि देवाला चालतील का ते विचारत होती.

तळ्याकाठी एका बाकावर बसलो. आई पाणी आणायला गेली. आज्जीनं माझा हात मांडीवर घेतला. मला वाटलं, कोट नीट बसलाय का बघते आहे. तिनं बाहीच्या टोकाच्या गडद पट्ट्यावर अंगठा ठेवला.

"हा रंग होता," ती म्हणाली.

"कसला?"

"कोटाचा. लग्नात. फोटो काळा-पांढरा आहे. मी विसरूनच गेले होते बघ." अंगठा मागं-पुढं फिरवत राहिली, गडद कापडावरून फिकटावर, फिकटावरून परत गडदवर. "असा निळा होता."

मग मी तिला दिवाळीतलं सांगितलं. आबांनी कोट काढला होता, मी काय म्हणालो होतो, सगळं. जानेवारीपासून कुणालाच सांगितलं नव्हतं.

आज्जी म्हणाली, "ठाऊक आहे मला. त्या दिवशी रानातनं आल्यावर सांगितलं की त्यांनी. हसत होते."

"हसत होते?"

"म्हणाले, नातू बरोबर बोलला. मला माझ्या आज्यानं पटका बांधायला सांगितला तर मी काय बांधला हुतो व्हय?"

मला हसू आलं आणि मग जरा वेळ तळ्याकडे बघावं लागलं. आई पाण्याची बाटली घेऊन आली आणि म्हणाली, आता तरी काढ तो कोट, चेहरा बघ केवढा लाल झालाय. तेव्हा काढला. आज्जीनं घडी करून मांडीवर ठेवला आणि वर फुलांचा ओचा.

परतताना मार्केटपाशी कडुलिंबाची एक जुडी घेतली. दिवस उतरला होता, विकणाऱ्या बाईनं दोन जुड्या दिल्या. सहा वाजता गेटवर पोचलो. दोघींची गाडी रात्रीची होती. आज्जीनं जाताना बाही पुन्हा एकदा पाहिली. मी कोट घालून आत गेलो तर उस्तादांनी वरपासून खालपर्यंत नजर फिरवली, पट्ट्यांवर क्षणभर थांबले.

"दादाजी का?"

"जी उस्ताद."

"बीच वाला बटन."

मी मधलं बटन लावलं. पाला आमच्या डॉर्मच्या खिडकीत कागदावर पसरून ठेवला आहे. अजून पुरता वाळलेला नाही. बेडमेट रोज विचारतो की याची भाजी करायची आहे का.